१६ इंची जुना पेडेस्टल पंखा: वायरिंग, बुश, चोक, रंग. सुरुवात कुठून करावी?

खारावारा

पंखा असा आहे: बिडाचा गोल पाया, त्यातून वर सरकणारा निकेलचा पाइप, चार पितळी पाती, मागे मान फिरती ठेवायची खुंटी. पट्टीवर २३० व्होल्ट, ५० सायकल, १६ इंच एवढंच वाचता येतं. पायात तीन वेगांचं बटण आणि वेग कमी करणारा चोक. आत-बाहेर सगळी वायर सुती वेष्टणाची, रबरी. टोकाला दोन पिनांचा टॉप. कंडेन्सर मोटरच्या मागच्या टोपीत, पत्र्याच्या डबीतला, त्यावर २.५ दिसतं. शाफ्ट हाताने जेमतेम फिरतो.

मोटरमधून तीन वायरी येतात. त्यांना १, २, ३ अशा चिठ्ठ्या लावून मल्टिमीटरने मोजलं: १-२ मध्ये ३१० ओहम, २-३ मध्ये ४२०, १-३ मध्ये ७३०. बॉडीशी कुठल्याही वायरचं रीडिंग येत नाही. म्हणजे वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) चांगलं आहे असं धरायचं का?

पंखा शोभेसाठी नाही, रोज वापरायचा आहे. रूप मात्र जुनंच राहायला हवं. जागा रत्नागिरी, समुद्रापासून अर्धा किलोमीटर.

वायरमन_नगर

एक गोष्ट सगळ्यात आधी. टॉप सॉकेटमध्ये घालून ‘चालतो का बघू’ हे करू नका. सुती वेष्टणाच्या आतलं रबर या वयात खडूसारखं झालेलं असतं. वायर हलली नाही तोवर जागेवर टिकतं, वाकवली की भुगा होऊन तांबं उघडं पडतं. दोन पिनांच्या टॉपमुळे अर्थिंगही नाही. फेज बॉडीला लागली तर बिडाचा पाया आणि पाइप सगळं जिवंत होतं, आणि पुढे तुमचा हात असतो.

रीडिंग छान आहेत. ३१० अधिक ४२० बरोबर ७३०, म्हणजे दोन्ही वायंडिंग सलग आहेत. सर्वांत मोठं रीडिंग ज्या दोन वायरींमध्ये येतं (तुमच्याकडे १ आणि ३) त्यांच्यामध्ये कंडेन्सर बसतो. उरलेली २ नंबर ही कॉमन. या प्रकारच्या मोटरीत कमी ओहमचं ते रनिंग, जास्त ओहमचं ते स्टार्टिंग. म्हणजे १-२ रनिंग, २-३ स्टार्टिंग. चोकमधून आलेली फेज १ ला, न्यूट्रल २ ला, कंडेन्सर १ आणि ३ च्या मध्ये. हे कागदावर काढून ठेवा.

बॉडीशी रीडिंग येत नाही यावर मात्र विसंबू नका. मल्टिमीटर ओहम मोजताना फार तर दोन-तीन व्होल्ट सोडतो. २३० व्होल्टवर गळणारं वायंडिंग त्याला दिसतच नाही. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) लागतो. तिन्ही वायरी एकत्र पिळून एक टोक त्यांना, दुसरं मोटरच्या बॉडीला, रंग खरवडून. निदान २ मेगओम यायला हवेत. त्याखाली असेल तर सप्लाय द्यायचा नाही. मेगर कुठल्याही मोटर रिवायंडिंगच्या दुकानात असतो, पाच मिनिटांचं काम.

पेठकर

‘५० सायकल’ लिहिलंय म्हणजे एसी, हे बरं आहे. ज्यांच्याकडे पट्टीवर डीसी लिहिलेला आणि मागे कार्बन ब्रश असलेला पंखा असेल त्यांनी हा धागा तसाच्या तसा लावू नये, ती मोटर पूर्ण वेगळी.

तसंच एसीच पण कंडेन्सर नसलेले लहान जुने पंखेही सापडतात. त्यांच्या स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) प्रत्येक पोलच्या कोपऱ्यात तांब्याचं जाड कडं दिसतं, तो शेडेड पोल. त्यांना कंडेन्सर जोडायचाच नसतो.

लेथवाला

विजेच्या आधी शाफ्ट. जेमतेम फिरणारा रोटर (शाफ्टवरचा फिरता भाग) घेऊन सप्लाय दिला की मोटर नुसती गुणगुणते आणि काही मिनिटांत वायंडिंग तापून वार्निश जळतं.

उघडण्याआधी पुढचं झाकण, स्टेटर आणि मागचं झाकण या तिघांवर मिळून एक आडवी रेघ खिळ्याने ओढा. जोडताना ती रेघ जुळली नाही तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या धातूच्या नळ्या) एका रेषेत येत नाहीत आणि रोटर स्टेटरला घासतो. पात्यांचा हब शाफ्टवर ग्रब स्क्रूने धरलेला असतो आणि तो शाफ्टच्या सपाट घासलेल्या भागावर टेकतो. स्क्रू पूर्ण सैल केल्यावरही हब येत नसेल तर हातोडी मारू नका, शाफ्ट वाकतो. गंज सोडवणारा फवारा देऊन रात्रभर ठेवा, मग फिरवत ओढा.

चारही लांब स्क्रू थोडे थोडे सैल करत जा. झाकणं निघाली की शाफ्टवरच्या फायबरच्या चकत्या कुठल्या बाजूला किती होत्या ते लिहून ठेवा. शाफ्टची पुढे-मागे हालचाल अर्धा मिलिमीटरच्या आसपास ठेवण्याचं काम त्या करतात. चकती विसरली तर मान फिरताना दर वेळी ‘टक्’ असा आवाज येतो आणि लोक गिअर खराब झाला समजून तोच बदलतात.

शाफ्ट जाम होण्याचं कारण बहुतेक वेळा वाळून डिंकासारखं झालेलं तेल. रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने शाफ्ट पुसा, बुशमधून तेच कापड गुंडाळीसारखं ओढा. पॉलिश पेपर बुशमध्ये घालू नका, त्याचे कण पितळेत रुततात आणि शाफ्ट कापत राहतात. स्वच्छ झाल्यावर शाफ्ट बुशमध्ये घालून आडवा हलवून बघा. हाताला खडखड जाणवली तर बुश गेला. रोटरच्या पत्र्यांवर एका बाजूला चकचकीत पट्टा दिसत असेल तर तो स्टेटरला घासत होता. रोटर-स्टेटरमधली फट पाव-अर्धा मिलिमीटरचीच असते.

नवा बुश घेताना मोठी चूक होते ती इथे. जुने शाफ्ट पुष्कळदा इंची मापाचे असतात, ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. बाजारात मिळतो तो ८ मिमीचा बुश. सहा शतांश मिलिमीटर ढिला. हातात घेतल्यावर कळतही नाही, पण मिनिटाला १३०० फेऱ्यांवर तो पंखा घुमतो आणि सहा महिन्यांत बुश अंडाकृती होतो. मायक्रोमीटरने शाफ्ट मोजा, आणि लेथवर गनमेटलचा बुश शाफ्टपेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटर मोठा करून घ्या.

स्क्रूंचंही तसंच. ५/३२ इंची व्हिटवर्थ स्क्रूच्या जागी ४ मिमीचा मेट्रिक स्क्रू एक-दोन फेरे सहज जातो, कारण व्यास जवळजवळ सारखा, पण आटे वेगळे. जोर लावला की बिडातले आटे उडाले. जुने स्क्रू फेकू नका, रॉकेलमध्ये धुऊन तेच परत वापरा.

खारावारा

उघडलं. चकत्या पुढे दोन, मागे एक. बुशमध्ये खडखड नाही, तेलाचा डिंकच होता. आता शाफ्ट बोटाने टिचकी मारली तरी फिरतो. दुकानात मेगर केला: ०.६ मेगओम.

सांगलीकर

०.६ म्हणजे रिवायंडिंग नाही, तुमच्याकडे दमट हवेतच राहिलाय. सुकवा.

पत्र्याचा जुना डबा किंवा लाकडी खोका घ्या, वर चार-पाच भोकं. आत स्टेटर दोन विटांवर, बाजूला १०० वॉटचा तारेचा बल्ब. बल्ब वायंडिंगपासून वीतभर लांब. आत ६० ते ७० अंश राहिलं पाहिजे, त्यावर नको, कारण जुन्या सुती-कागदी इन्सुलेशनला एका जागी बसलेली आच सोसत नाही. आठ-दहा तास. दर दोन तासांनी मेगर घ्या आणि लिहा. सुरुवातीला रीडिंग खाली जाईल, घाबरू नका: गरम झालं की इन्सुलेशनचा रोध उतरतोच, साधारण दर दहा अंशांना निम्मा. मग ओल निघून गेली की आकडा चढायला लागतो. चढायचा थांबला की सुकलं. थंड झाल्यावरचं रीडिंग खरं धरायचं.

सुकल्यावर लगेच, कोमट असतानाच, हवेत वाळणारं इन्सुलेटिंग वार्निश ब्रशने दोन्ही बाजूंच्या तारांच्या टोकांवर द्या. दोन पातळ हात, मध्ये एक दिवस. समुद्राकाठी हे टाळू नका, नाहीतर पावसाळ्यात पुन्हा ०.६. स्टेटरच्या आतल्या गोल पृष्ठभागावर वार्निश लागलं तर पुसून काढा, तिथे फट पाव मिलिमीटरची आहे.

दिवसभर सुकवूनही आकडा हलला नाही तरच रिवायंडिंग. तसं झालं तर दुकानात तीन गोष्टी ठासून सांगा. एक, जुनं वायंडिंग जाळून काढायचं नाही; आगीत पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि नंतर मोटर रिकामी फिरतानाही तापते. दोन, प्रत्येक कॉइलचे फेरे मोजून आणि तारेवरचं इनॅमल काढून तिचा गेज मोजून लिहून द्यायचा. तीन, तार तांब्याचीच. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट, त्याच गेजमध्ये भरली तर पंखा कमी फिरतो आणि जास्त तापतो. तार खरवडली की आत लाल दिसली पाहिजे.

वायरमन_नगर

सुकेपर्यंत वायरिंगचं सामान आणून ठेवा. मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली, तुमच्याकडे चांगल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळेल:

मेन कॉर्ड: ३ कोअर, ०.७५ चौ. मिमी, गोल, बारीक तारांची (२४ तारा, प्रत्येकी ०.२ मिमी), वर आयएस ६९४ छापलेली, तीन मीटर. पंखा ओढतो पाव अँपिअर, एवढी जाडी करंटसाठी नाही, ओढाताण सोसण्यासाठी आहे. जुनं रूप हवं असेल तर आत पीव्हीसी आणि वर सुती विणकाम असलेली नवी कॉर्डही मिळते, पण ३ कोअरच घ्या. लटकत्या दिव्यांसाठीची २ कोअर दुकानदार पुढे करतो.

पाइपमधून वर जायला त्याच मापाची ३ कोअर दोन मीटर. कंडेन्सर वर टोपीत आहे, म्हणून फेज, न्यूट्रल आणि अर्थ एवढ्याच वायरी वर जातात. कंडेन्सर पायात असलेल्या पंख्यांना चार लागतात.

६ अँपिअरचा थ्री पिन टॉप. काचतंतूची स्लीव्ह, ३ मिमी, एक मीटर. रबरी ग्रोमेट तीन: पायातलं भोक, पाइपचं वरचं तोंड, मोटरच्या टोपीचं भोक. गोल थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) चार, दातेरी वॉशर चार. कॉर्ड धरायची क्लॅम्प पट्टी एक. कंडेन्सर २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी.

आणि एक १३० अंशांचा, २ अँपिअरचा थर्मल फ्यूज. जुन्या पंख्यात तो नसतो. कॉमन वायरच्या मालिकेत जोडून वायंडिंगच्या टोकाला, स्लीव्ह घालून, सुती दोऱ्याने बांधायचा. बुश जाम झाला आणि घरात कोणी झोपलेलं असेल तर तोच पंखा बंद करतो. सोल्डर करताना फ्यूजच्या पायाला पक्कड धरा, नाहीतर सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडतो. सोल्डरपेक्षा दाबाचा जोड बरा.

जुना पत्र्याचा कंडेन्सर फोडू नका. त्या काळच्या तेलाच्या कंडेन्सरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असू शकतं. गळत असेल तर हातमोजे घालून पिशवीत बांधा आणि ई-कचऱ्यात द्या.

तांबेपितळ

२.५ च्या जागी ३.१५ बसवला तर पंखा जास्त जोरात फिरतो असं ऐकलंय. खरं का?

सांगलीकर

नाही. कंडेन्सर वाढवला की स्टार्टिंग वायंडिंगमधून करंट जास्त जातो, मोटर तापते आणि गुरगुरते. वेगात पडणारा फरक डोळ्याला दिसतही नाही. पंखा हळू फिरत असेल तर कंडेन्सर उतरलाय का ते मोजा. २.५ चा १.८ वर आला असेल तर नवा २.५ टाकला की झालं.

वायरमन_नगर

आता जोडणी. सगळ्यात जास्त मार मानेला बसतो. पंखा डावीकडून उजवीकडे मिनिटाला पाच-सहा वेळा गेला तरी आठ तासांत ती वायर अडीच-तीन हजार वेळा वाकते. म्हणून मानेच्या मागे ७-८ सेंटिमीटरचा सैल फेरा ठेवा. मान पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे हाताने नेऊन बघा, दोन्ही टोकांना फेरा थोडा सैल राहिला पाहिजे आणि गिअरच्या दांडीत अडकता कामा नये. वायरचा जोड या भागात कधीही नको, जोड टोपीच्या आत.

पाइप सरकता आहे, म्हणून आतली वायर पाइप पूर्ण वर काढून मोजा आणि वर १५ सेंटिमीटर जास्त घ्या. पाइप खाली केल्यावर ती आत गोल बसेल. उलटं केलं, म्हणजे पाइप खाली असताना मोजली, तर कोणीतरी पंखा उंच करतं आणि टोपीतले जोड तुटतात.

टॉपपासून फेज आधी पायातल्या बटणाला, बटणाच्या तीन टोकांवरून चोकच्या तीन टॅपना, चोकच्या बाहेरच्या टोकातून वर मोटरच्या १ ला. जुन्या जोडणीत बटण न्यूट्रलमध्ये घातलेलं सापडतं, ते बदला. बंद असताना मोटरपर्यंत फेज जाता कामा नये.

अर्थ दोन ठिकाणी: एक थिंबल पायाच्या बिडाला, दुसरं मोटरच्या बॉडीला. पाया अर्थ केला की वरचंही झालं असं नाही. मध्ये सरकत्या पाइपचा रंग, गंज, ग्रीस, मानेचा सांधा एवढं सगळं आहे. थिंबलखालचा रंग चकचकीत होईपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला. मग टॉपच्या मोठ्या पिनपासून मोटरच्या उघड्या धातूपर्यंत मोजा: मीटरच्या दोन टोकांचा स्वतःचा रोध वजा केल्यावर शून्याच्या जवळच यायला हवं. एक ओहम आला तरी कुठेतरी थिंबल सैल आहे.

कॉर्ड पायात शिरते तिथे पूर्वी आतून गाठ मारायचे. गाठीऐवजी क्लॅम्प पट्टी लावा. कॉर्ड ओढून पंखा सरकवला तरी आतले जोड हलता कामा नयेत.

पेठकर

चोक जुना आहे, जड आहे, गुणगुणतोही. तो काढून छताच्या पंख्याचा चार-पाच वेगांचा कंडेन्सरवाला रेग्युलेटर पायात बसवला तर काम सोपं होत नाही का? वीजही वाचते.

सांगलीकर

चालतं, पण डोळे मिटून नाही. मोटर इंडक्टिव्ह असते. तिच्या मालिकेत कंडेन्सर आला की काही वेगांवर मोटरच्या टोकांना अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळू शकतं. कंडेन्सर मोटरीत हा धोका थोडा, कारण तिचा पॉवर फॅक्टर चांगला असतो. शेडेड पोलमध्ये खरा धोका: तिथे मोटरवर सप्लायपेक्षाही जास्त व्होल्टेज जाऊन ती जळते. म्हणून बसवलाच तर प्रत्येक वेगावर मोटरच्या टोकांना मीटर लावून बघा. कुठल्याही टप्प्यावर सप्लायपेक्षा वर गेलं तर तो टप्पा काढा. सर्वांत खालच्या वेगावर थांबलेला पंखा आपण होऊन सुटतो का, तेही बघा.

माझं मत चोक ठेवण्याचं आहे. चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. गुणगुण येते ती पत्रे सैल झाल्यामुळे. बाजूचे बोल्ट आवळा, पत्र्यांच्या कडांना वार्निश झिरपू द्या, चोक आणि पाया यांच्यामध्ये तीन मिलिमीटरचं रबर घाला. पायाचं वजनही त्याच्यामुळे आहे. तो काढला की जड डोक्याचा पंखा कलंडायला लागतो.

दिव्याचा डिमर मात्र कुणीही लावू नका. त्याने मोटर खरखरते आणि तापते.

लेथवाला

गिअरची पेटी राहिली. शाफ्टच्या मागच्या टोकाला वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर), त्याला लागून चाक, चाकाखाली क्रँक आणि दांडी. खुंटी वर ओढताना तिच्या आत स्प्रिंग आणि एक बारीक पोलादी गोळी असते. ती उडून पलंगाखाली जाते आणि मग मान कधीच एका जागी थांबत नाही. ताटलीवर धरून उघडा.

जुनं ग्रीस मेणासारखं झालेलं असतं. धातूचं चाक रॉकेलने धुवा. चाक तपकिरी फायबरचं असेल तर भिजवू नका, कापडाने पुसा. नवं लिथियम ग्रीस पेटीच्या एक तृतीयांशच भरा. पेटी ठासून भरली की ते गरम होऊन शाफ्टवरून रोटरकडे सरकतं.

बुशला स्पिंडल ऑइल. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण पातळ असल्यामुळे लवकर संपतं. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि वर्षभरात चिकट होतं. गंज सोडवणारा फवाराही तेल म्हणून वापरू नका, त्यातला द्राव उडून जातो आणि बुश कोरडा राहतो. झाकणाच्या आत बुशभोवती नमद्याची चकती असते, ती रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून, कोमट तेलात तासभर बुडवा. तेल धरून ठेवायचं काम तीच करते. ती फेकून दिलेला पंखा महिन्याभरात कर्कश आवाज करतो.

तांबेपितळ

रंग आणि पात्यांबद्दल, कारण पितळ खराब करणारे सल्ले फार फिरतात.

पितळी पात्यांना पितांबरी किंवा चिंच-मीठ चालेल. पण नंतर वाहत्या पाण्याने, मग साबणाने, मग पुन्हा पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. हबच्या रिव्हेटभोवती मीठ अडकलं तर महिन्यात हिरवं फुटतं. बफच्या चाकावर घासून देणाऱ्यांकडे पाती नेऊ नका. चाक कडा पातळ करतं, तेही प्रत्येक पात्याची वेगळी, आणि तोल जातो. १६ इंची पंख्याच्या पात्याचं टोक १३५० फेऱ्यांवर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जातं. तोल गेला तर पंखा जमिनीवर चालायला लागतो. ॲल्युमिनियमच्या पात्यांना धुण्याचा सोडा कधीही नको, तो धातूच खातो.

तोल बघायला: जाळीला एक तार बांधून तिचं टोक एका पात्याच्या टोकाजवळ आणा, मग पंखा हाताने फिरवत चारही पात्यांचं अंतर मोजा. फरक दोन मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर पातं मुळाशी धरून अगदी थोडं वाकवा, टोकाला धरून नाही. मुळाशी केसाएवढी चीर दिसली तर ती पाती वापरू नका, भिंतीवर लावा.

जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. कोरडा घासू नका, धूळ घरभर होते. पाणी लावून २२० चा, मग ४०० चा पॉलिश पेपर, तोंडावर मास्क, खाली वर्तमानपत्र, आणि ते गुंडाळून वेगळं टाका. बिडाच्या पायाला रेड ऑक्साइड प्रायमर. मोटरची टोपी ॲल्युमिनियमची असेल तर तिला एच (etch) प्रायमर, रेड ऑक्साइड तिथे धरत नाही. पुढे पातळ तीन हात, प्रत्येकामध्ये पंधरा-वीस मिनिटं. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर फवाऱ्याचा लॅकर मारूच नका. दमट हवेत तो वाळताना पृष्ठभागावर पांढरट धुकं धरतो आणि ते पुसून जात नाही. दसऱ्यानंतर करा.

रंग लागू नये अशा जागा: तेलाची भोकं, हवेच्या फटी, थिंबलखालची जागा, पाइपचा सरकता भाग. नावाची पट्टी रिव्हेट न काढता चिकटपट्टीने झाका. आणि पाइपवरचं निकेल घासून घालवू नका. बारीक स्टील वूल आणि रॉकेल, हलक्या हाताने, मग मेणाचा हात. खाऱ्या हवेत दर दोन महिन्यांनी मेण.

जाळीबद्दल एक विनंती. जुन्या जाळ्यांच्या तारा इतक्या लांब लांब असतात की लहान मुलाचा हात सहज आत जातो, आणि ही पाती धातूची आहेत. घरात मूल असेल तर वरून नायलॉनची जाळी चढवा.

खारावारा

नऊ तासांत रीडिंग ०.६ वरून ०.२५ पर्यंत उतरलं, मग चढत गेलं. थंड झाल्यावर १४ मेगओम, वार्निशनंतर २० च्या वर. वायरिंग आकृतीप्रमाणे केलं. आता सप्लाय देताना क्रम काय ठेवायचा?

वायरमन_नगर

सिरीज लॅम्पने. १०० वॉटचा तारेचा बल्ब फेजच्या मालिकेत; एलईडी चालत नाही. जाळी लावलेली, पाती काढलेली, बटण सर्वांत वरच्या वेगावर. बल्ब मंद लागला आणि शाफ्ट फिरला तर ठीक. बल्ब पूर्ण उजळला तर कुठेतरी शॉर्ट, लगेच बंद. बल्ब लागलाच नाही तर सलगता तुटलीय, आधी थर्मल फ्यूज तपासा, सोल्डर करताना उडालेला असतो.

शाफ्ट उलटा फिरला तर फेज १ ऐवजी ३ ला गेली आहे. पंखा चालतो, पण वारा मागे जातो आणि मोटर तापते.

मग पाती लावून, ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाटीवर आवळून, थेट सप्लाय. पहिल्यांदा तासभर समोर बसा. तासाने बॉडी कोमट ते गरम असावी. तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर बंद करून बुश आणि कंडेन्सर पुन्हा बघा.

पेठकर

एक शंका, इतरांनाही पडेल. अर्थिंग केल्यावर घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो, आधी दोन पिनांवर पडत नव्हता. अशा वेळी काय?

वायरमन_नगर

गळती आधीही होती, जायला वाट नव्हती एवढंच. बॉडीला हात लावणारा माणूस ती वाट झाला असता. अर्थची वायर काढून ‘दुरुस्ती’ करणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. मोटर, चोक आणि बटण एकमेकांपासून सोडवून प्रत्येकाचा वेगळा मेगर घ्या. बऱ्याचदा मोटर चांगली असते आणि गळती पायातल्या चोकची किंवा बटणाखालच्या ओल्या फायबर पट्टीची निघते, कारण लादी पुसताना पाणी तिथेच जातं.

खारावारा

चालू केला. तिसऱ्या वेगावर ०.२६ अँपिअर, ५६ वॉट, १३४० फेरे. दुसऱ्यावर ११३०, पहिल्यावर ८९०, आणि पहिल्यावरही थांबलेल्या स्थितीतून सुटतो. तासाने बॉडी गरम, पण हात टिकतो. चोकचा आवाज रबर घातल्यावर रात्रीच्या शांततेतही येत नाही. रंग दसऱ्यानंतर.

मागच्या बुशचं तेलाचं भोक टोपीखाली आहे. दर वेळी टोपी काढायची का?

लेथवाला

गरज नाही. औषधाच्या दुकानातून ५ मिलीची सिरिंज घ्या, तिच्या तोंडाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा बोटभर तुकडा लावा. टोपीच्या हवेच्या फटीतून तो भोकापर्यंत पोचतो. रोज वापर असेल तर दर तीन महिन्यांनी प्रत्येक बुशला चार थेंब, त्याहून जास्त नको. टॉप काढून तेल द्या, शाफ्ट हाताने वीसेक वेळा फिरवा, मग पाच मिनिटं पहिल्या वेगावर चालवून बंद करा आणि हबच्या मागे आलेलं तेल कापडाने टिपा. ते तसंच राहिलं तर पात्यांवरून उडून भिंतीवर ठिपके पडतात, आणि त्यावर बसलेली धूळ पुन्हा बुशकडेच जाते.